जुन्या स्पीडबोटीला मोठं इंजिन लावण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यात, घराच्या आवारात, वडिलांची पंधरा फुटी फायबरची स्पीडबोट कित्येक वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे. सत्तरच्या दशकातली बांधणी, मागे टांगलेलं ४० अश्वशक्तीचं जुनं टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन. घरातल्या सगळ्यांचा तिच्यावर जीव. ती पुन्हा पाण्यात उतरवायची आहे, आणि हात घातलाच आहे तर ६० किंवा ७५ चं इंजिन लावून जरा जोरात पळवायची आहे. सुरुवात कुठून करावी, काय बदलावं आणि कशाला हात लावू नये?

सुरुवात इंजिनापासून करू नका. अशा बोटीचा वेग बहुतेक वेळा इंजिनामुळे गेलेला नसतो. फरशीखालचा फोम पाणी पितो, ट्रान्सममधलं (इंजिन जिच्यावर टांगतं त्या मागच्या भिंतीतलं) प्लाय कुजतं आणि चुकीच्या ट्रेलरवर वर्षानुवर्षं उभं राहून तळ वाकतो. वेग या तिघांनी खाल्लेला असतो. हे दुरुस्त केलं की तेच चाळीस तिला पूर्वीसारखं उचलतं. हे न करता मागे साठ टांगलं, तर वेग दोन-चार किलोमीटरने वाढेल आणि ट्रान्सम फाटायची वेळ येईल.

पहिलं काम वजनाचं. बोट ट्रेलरसकट तुर्भे-महापे पट्ट्यातल्या एखाद्या वजनकाट्यावर न्या, नंतर रिकामा ट्रेलर पुन्हा न्या आणि वजाबाकी करा. ट्रकचा काटा १०-२० किलोंच्या टप्प्यांनी आकडा दाखवतो, पण आपण शोधतोय तो फरक शंभर किलोंच्या घरातला असल्याने तेवढं पुरतं. हाताने थर देऊन घडवलेल्या त्या काळच्या १४-१५ फुटी बोटीचं, इंजिन आणि टाकी वगळून, वजन साधारण २२५ ते ३०० किलो असतं. काटा त्याच्या बराच वर गेला तर पाणी फोममध्ये आहे असं समजा. खात्री करायला ट्रान्समजवळ, फरशीच्या सगळ्यात खालच्या जागी, होल-सॉने चार इंची भोक पाडा आणि फोमचा तुकडा काढून मुठीत दाबा. पाणी निघालं की फरशी उघडावी लागणार. भोक वाया जात नाही; तिथे पुढे झाकणाची इन्स्पेक्शन प्लेट बसते.

त्याच दिवशी तळ तपासा. सहा फुटी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी घ्या आणि ट्रान्समपासून पुढे, कण्याला (तळाच्या मधल्या लांब रेषेला) समांतर, तळाला लावून धरा: एकदा कण्याजवळ, मग दोन्ही बाजूंना कणा आणि कड यांच्या मधोमध. पट्टीखाली दोन मिलिमीटरपर्यंत फट असली तर सोडून द्या. तीन-चार मिलिमीटरचा खोलगटपणा असेल तर पाणी तिथे तळाला वर ढकलतं, नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खाली दाबली जाते आणि बोट पाणी नांगरत चालते. उलट बाजूचा फुगीरपणा असेल तर वेगात नाळ वर-खाली डुलू लागते. खोलगटपणाचं कारण बहुतेकदा ट्रेलर असतो: शेवटचा रोलर ट्रान्समच्या फूटभर आधी संपतो आणि इंजिनाचं वजन मागे अधांतरी लटकत राहतं. म्हणून आधी ट्रेलरचा आधार ट्रान्समच्या थेट खाली आणा, मग इपॉक्सी पुट्टीने तळ सरळ करा. जाता जाता ट्रान्समची खालची कडही पाहा. साच्यातून सुटावी म्हणून ती गोल ठेवलेली असते. तळाच्या मागच्या टोकाला पुट्टी लावून ती कड धारदार केली की पाणी स्वच्छ तुटतं, ट्रान्समला चिकटून वर चढत नाही. खर्च जवळजवळ शून्य, आणि वेगासाठी जे काही करता येतं त्यात हे मी सगळ्यात वर ठेवेन.

आता ट्रान्सम, ती मागची उभी भिंत. बाहेर फायबर, आत फायबर, मध्ये प्लाय. इंजिन लावलेलं असताना गिअरबॉक्सचं खालचं टोक धरून जोरात वर-खाली हलवा आणि ट्रान्समच्या वरच्या कडेकडे बघा. ती हलता कामा नये. मग प्लास्टिकच्या हातोडीने पूर्ण भिंत ठोकत जा. टणक आवाज जिथे बसका होतो तिथे खडूने खूण करा. शेवटी आतल्या बाजूने, खालच्या भागात, ५-६ मिमीची भोकं पाडा आणि ड्रिलला लागलेला भुसा पाहा. फिकट आणि कोरडा भुसा निघाला तर लाकूड शाबूत. काळपट, ओला, कुबट वासाचा निघाला तर वरवर रेझिन टोचून भागणार नाही. पाणी शिरतं ते बोल्टच्या भोकांतून आणि तळाच्या बुचाच्या भोकातून, म्हणून कूज नेहमी त्यांच्या आसपास सुरू होते.

काम आतून करा, म्हणजे बाहेरचा जेलकोट (फायबरवरचा रंगीत, चकचकीत थर) आणि आकार जसाच्या तसा राहतो. बोट आधी कण्याखाली आणि दोन्ही कडांखाली नीट टेकवा, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही कर्ण मोजून लिहून ठेवा. ट्रान्सम कापला की बोट ढिली होते, आणि त्या अवस्थेत फायबर चढवलं तर वाकडेपणा कायमचा राहतो. आतली कातडी कडेने ५० ते ७५ मिमी पट्टी ठेवून ग्राइंडरने कापा, कुजकं लाकूड पटाशीने काढा, बाहेरच्या कातडीचा आतला भाग ४० नंबरच्या डिस्कने घासून स्वच्छ फायबर उघडं करा. चांगला मास्क आणि पूर्ण बाह्यांचे कपडे याशिवाय हे काम करू नका. नंतर पंखा लावून काही दिवस वाळू द्या. घाई इथे सगळ्यात महाग पडते, कारण ओल्यावर चिकटवलेलं प्लाय दोन पावसाळ्यांत सुटतं.

प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं मरीन घ्या. १९ मिमीचे दोन थर, मिळून ३८ मिमी. पुठ्ठ्याचा नमुना कापून मगच प्लाय कापा. दोन्ही थर घट्ट केलेल्या इपॉक्सीने एकमेकांना चिकटवा आणि कडांना पातळ इपॉक्सीचे तीन हात द्या, कारण प्लाय पाणी कडेने पितं. बसवताना दोन्ही पृष्ठभागांवर आधी नुसतं इपॉक्सी लावा, मग त्यात सिलिका पावडर घालून लोण्यासारखं घट्ट केलेलं मिश्रण दातेरी पट्टीने पसरा. बाहेरून सरळ लाकडी तुळई लावून क्लॅम्प करा. क्लॅम्प पूर्ण ताकदीने आवळू नका; सगळं इपॉक्सी बाहेर पडून सांधा उपाशी राहतो. कडेने मिश्रण सलग बाहेर डोकावलं की थांबा. आतल्या कोपऱ्यांना २५ मिमी त्रिज्येची गोलाई द्या आणि त्यावर ६०० ग्रॅमच्या बायएक्सियल (दोन दिशांना धागे असलेल्या) कापडाच्या पट्ट्या चढत्या रुंदीने टाका: १००, १५०, २०० मिमी. त्या तळावर आणि बाजूंवर सारख्या जायला हव्यात. ट्रान्सममधून स्ट्रिंगरपर्यंत (तळाच्या आतून लांबीत जाणाऱ्या तुळयांपर्यंत) दोन त्रिकोणी आधार दिले तर इंजिनाचा धक्का एकट्या भिंतीवर न राहता पूर्ण बोटीत वाटला जातो.

बोल्टची भोकं थेट पाडू नका. १२ मिमीच्या बोल्टसाठी आधी २०-२२ मिमीचं भोक पाडा, ते इपॉक्सीने भरा, कडक झाल्यावर त्याच्या मधोमध १३ मिमीचं पाडा. मग बोल्ट आणि लाकूड यांचा कधी संबंधच येत नाही. बोल्ट ३१६ स्टेनलेसचे, सीलंट पॉलियुरेथेन. बाथरूमला लावतात ते सिलिकॉन इथे टिकत नाही, आणि त्याचा अंश राहिला की पुढे त्या जागी काहीच धरत नाही.

इपॉक्सी महाग वाटलं तर पॉलिस्टरचा मोह होईल. नवीन फायबरसाठी पॉलिस्टर ठीक आहे, पण जुन्या फायबरवर आणि लाकडावर त्याची पकड कमी, म्हणून ट्रान्समपुरतं तरी इपॉक्सीच वापरा. एक घोटाळा टाळा: पॉलिस्टरसोबत मिळणाऱ्या चॉप्ड मॅटमधला बाइंडर (धागे धरून ठेवणारा गोंद) पॉलिस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही. त्यामुळे इपॉक्सीसोबत ती मॅट नको, विणलेलं किंवा शिवलेलं कापड हवं. आणि पॉलिस्टर वापरायची वेळ आलीच तर आपल्याकडच्या दुकानांत रेझिन, कोबाल्ट आणि हार्डनर वेगवेगळ्या बाटल्यांत मिळतात, तेव्हा हे लक्षात असू द्या: कोबाल्ट आधी पूर्ण रेझिनमध्ये ढवळायचं, मग हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होतो. बाटल्यासुद्धा शेजारी ठेवू नका. आपल्या उष्म्यात एक किलो रेझिनला १० मिली हार्डनर पुरतं.

हे काम दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उरका. एप्रिलमध्ये इपॉक्सी डब्यातच तापून धूर सोडतं. तेव्हा करावंच लागलं तर ३००-४०० ग्रॅमच मिसळा आणि पसरट ट्रेमध्ये ओता. पावसाळ्यात हवेतल्या दमटपणामुळे कडक झालेल्या इपॉक्सीवर तेलकट थर येतो. तो पॉलिश पेपरने घासला तर आत मुरतो. आधी साध्या पाण्याने आणि घासणीने धुवायचा, मग पेपर.

फरशी आणि स्ट्रिंगरला हीच पद्धत लागू आहे, त्यामुळे लांबवत नाही. फक्त फोमबद्दल दोन गोष्टी. नवा फोम बंद पेशींचा घ्या आणि त्याच्याखाली कण्यालगत पाणी मागे वाहून येईल अशी वाट मोकळी ठेवा. जुन्या बोटींत ती वाटच नसते, म्हणून फोम भिजतो. ओतायचा पॉलियुरेथेन फोम असेल तर थोडा थोडा ओता, नाहीतर फुगताना तो फरशी उचलतो. दुसरं म्हणजे सगळा फोम फरशीखाली कोंबू नका. एक घनफूट फोम पाण्यात साधारण २७ किलो तोलतो, पण तो सगळा खाली असेल तर पाण्याने भरलेली बोट उलटी होऊन तरंगते. निम्मा फोम दोन्ही बाजूंच्या कडांखाली, उंचावर बसवा.

आता अश्वशक्ती. अमेरिकन कोस्ट गार्डचा २० फुटांखालच्या आउटबोर्ड बोटींसाठीचा कमाल अश्वशक्तीचा हिशोब वापरण्याजोगा आहे. लांबी आणि मागची रुंदी फुटांत घेऊन गुणाकार करा. १५ फूट लांब आणि साडेपाच फूट रुंद बोटीचा आकडा ८२.५ येतो. पुढून चाकाचं स्टिअरिंग आणि २० इंच उंच ट्रान्सम असेल तर या आकड्याची दुप्पट करून ९० वजा करायचे: साधारण ७५. या दोहोंपैकी एक जरी नसेल आणि तळ व्ही आकाराचा असेल, तर आकड्याला ०.८ ने गुणून २५ वजा: जेमतेम ४१. त्या काळच्या बहुतेक बोटींचा ट्रान्सम १५ इंची असतो, म्हणजे तुमचं चाळीस आधीच मर्यादेवर आहे. साठ-पंचाहत्तर लावायचं तर ट्रान्सम २० इंचांवर उचलावा लागेल, आणि तसं केलं की मागची ती बसकी, सुंदर रेषा जाते. माझं मत स्पष्ट आहे: १५ इंचच राहू द्या, आखूड शाफ्टचं चाळीस नीट करा.

वजनाचा मुद्दाही आहेच. आजचं ४० चं फोर-स्ट्रोक शंभर किलोंच्या आसपास भरतं. जुनं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक त्यापेक्षा बरंच हलकं. फोर-स्ट्रोक लावायचंच ठरलं तर बॅटरी आणि २५ लिटरची टाकी पुढच्या सीटखाली न्या. बॅटरीची केबल लांबते, म्हणून ३५ चौरस मिमीची, कथिल चढवलेल्या तांब्याची घ्या. जुनं इंजिन ठेवणार असाल तर सुट्या भागांची चौकशी आधी करा. जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणारी ओएमसी २००० मध्ये दिवाळखोरीत गेली, नंतरच्या मालकांनी एव्हिनरूडचं उत्पादन २०२० मध्ये थांबवलं. त्यांचे पार्ट बाहेरून मागवावे लागतात. जपानी टू-स्ट्रोकांचं काम कोळीवाड्यातला ओबीएमचा (आउटबोर्ड मोटरचा) मेकॅनिक डोळे मिटून करतो.

इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन मोजा. दोन सिलिंडरांमधला फरक दहा टक्क्यांच्या आत हवा. आकडा किती आहे यापेक्षा फरक किती आहे हे जास्त सांगून जातं. गिअर ऑइल दुधाळ निघालं तर सील गेलंय. पाण्याच्या पंपाचा रबरी इम्पेलर न पाहता बदला, आणि खाडीच्या गाळात चालवणार असाल तर दर हंगामात बदला. गाळ त्याची पाती झिजवतो, आणि पाण्याविना इंजिन काही सेकंद फिरवलं तरी इम्पेलर जळतो.

पेट्रोल हा आजच्या काळातला खरा शत्रू आहे, कारण पंपावर मिळतं त्यात आता २० टक्के इथेनॉल असतं. ते हवेतलं पाणी ओढतं. पुरेसं पाणी मिळालं की इथेनॉल आणि पाणी पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि टू-स्ट्रोकचं ऑइल त्या थरात विरघळत नाही. इंजिनाने तो थर ओढला तर पिस्टन बिनतेलाचा चालतो आणि जाम होतो. म्हणून जुन्या सगळ्या नळ्या, हाताने दाबायचा फुगा आणि फ्युएल पंपचा पडदा बदला. नळी आयएसओ ७८४० शिक्क्याची घ्या. टाकीनंतर १० मायक्रॉनचा पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवा. बोटीतच घडवलेली फायबरची टाकी असेल तर ती कायमची बंद करा: इथेनॉल जुनं रेझिन मऊ करतं आणि तो चिकटा कार्बोरेटरमध्ये जातो. या पेट्रोलवर जुनं इंजिन कोरडं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी), गरम चालतं, म्हणून कार्बोरेटरचा मुख्य जेट व्यासाने तीन-चार टक्के मोठा घ्या आणि पूर्ण वेगानंतर प्लग काढून पाहा. पांढरा प्लग म्हणजे अजून कोरडं, फिकट तपकिरी म्हणजे बरोबर. ऑइल टीसी-डब्ल्यू ३ दर्जाचं, ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. मोटारसायकलचं टू-टी ऑइल नको. मिसळलेलं पेट्रोल दोन आठवड्यांवर ठेवू नका.

स्टिअरिंग पुलींवरून जाणाऱ्या तारदोरीचं असेल तर ते काढून पुश-पुल केबल बसवा. एक पुली निसटली की पूर्ण वेगात इंजिन एका बाजूला वळतं. मूळ चाक मात्र जपा. नव्या शाफ्टला जोडणारा तुकडा खराद्याकडून करून घेता येतो. मनगटाला बांधायची किल-स्विचची दोरी, म्हणजे माणूस पडला की इंजिन बंद करणारी, हवीच. जुन्या मॅग्नेटो इंजिनात स्टॉपची वायर अर्थ केली की ठिणगी थांबते, त्यामुळे हा स्विच स्टॉप बटणाला समांतर जोडायचा. प्रत्येक सिलिंडरचे पॉइंट वेगळे असतील तर दोन पोलांचा स्विच घ्या. दोन्ही वायरी एकत्र बांधल्या तर इंजिन नीट चालणार नाही.

रूप जपण्याबद्दल. जेलकोट मूळ अर्धा मिलिमीटरच्या आसपास असतो. पाणी लावून ८०० पासून २००० पेपरपर्यंत जा आणि कंपाउंड करा. बहुतेक ठिकाणी रंग परत येतो. खरा रंग कोणता होता ते क्लीट (दोर बांधायची खुंटी) किंवा काचेची फ्रेम काढून तिच्याखाली पाहा, ऊन न लागलेला तुकडा तिथे सापडतो, आणि दुरुस्तीचा जेलकोट त्याच्याशी जुळवा. पुढची काच पिवळी पडली असेल तर जुनीचाच साचा वापरून ५ मिमी कास्ट ॲक्रिलिक गरम करून वाकवून घ्या. हँडल, क्लीट, दिव्यांचे कप फेकू नका, नवीन चकचकीत सामान लावून ती बोट ओळखू येणार नाही. जस्ताच्या ओतीव भागांवर खड्डे पडले असतील तर क्रोमच्या आधी तांब्याचा जाड थर देणारा प्लेटिंगवाला शोधा.

पाण्यात कुठे उतरवायची हे आधी ठरवा. ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधली ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा); वनखात्याच्या परवानगीशिवाय तिथे बोट न्यायची नाही, आणि परवानगी असली तरी ती जागा वेगाची नाही. घोडबंदरकडे उल्हासची खाडी, किंवा बेलापूर-दिवाळे बाजूने दक्षिणेला मोकळं पाणी, हे पर्याय. महाराष्ट्र सागरी मंडळाकडची नोंदणी, तपासणी आणि विमा आधी उरका. जुन्या बोटीला कागदांत वेळ जातो. भरतीची वेळ ढोबळमानाने तिथीच्या पाऊणपट धरतात: अष्टमीला सहाच्या सुमारास. खाडीच्या आतल्या टोकाला ती आणखी उशिरा पोचते. उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं, त्यामुळे सुकती (ओहोटी) लागायच्या आत परत या, नाहीतर रात्र चिखलात जाते. जाळ्यांच्या खुंटांपासून आणि होड्यांपासून वेग उतरवून लांबून जा. ती त्यांची रोजीरोटी आहे. बोट उतरवण्याआधी ट्रेलरची चाकं गार होऊ द्या. तापलेली बेअरिंग खाऱ्या पाण्यात बुडाली की पाणी आत ओढतात. परतल्यावर दहा मिनिटं गोड्या पाण्यावर इंजिन चालवा. ॲनोड (इंजिनाऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) ॲल्युमिनियमचे लावा, पावसाळ्यानंतरच्या मचूळ पाण्यात जस्तापेक्षा ते बरे काम करतात, आणि त्यांच्यावर रंग मारू नका.

पहिल्या चाचणीला दोन माणसं, अर्धी टाकी, टॅकोमीटर आणि जीपीएस. पूर्ण वेगात मिनिटाचे फेरे इंजिनाच्या पुस्तकातल्या मर्यादेच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात यायला हवेत. कमी आले तर पंखा (प्रोपेलर) कमी पिचचा लावा; पिच म्हणजे एका फेऱ्यात तो जितके इंच पुढे जायला हवा ते अंतर. एक इंच पिचने साधारण १५० ते २०० फेऱ्यांचा फरक पडतो. मग घसरण, म्हणजे हिशोबाच्या वेगापेक्षा प्रत्यक्ष वेग किती कमी ते, काढा: फेरे गुणिले पिच इंचांत गुणिले ०.००१५२४, भागिले गिअरचं प्रमाण. ५००० फेरे, १३ पिच, २ ला १ गिअर असेल तर ताशी ४९.५ किमी येतात. जीपीएसवर ४२ दिसले तर घसरण १५ टक्के, उत्तम. २५ टक्के दिसली तर पंख्याला दोष देण्याआधी वजन आणि तळ पुन्हा तपासा, मग इंजिनाची उंची: पंख्यावरची आडवी पट्टी कण्याच्या पातळीत किंवा त्याहून २५ मिमीपर्यंत वर. एका वेळी इंजिनाच्या ब्रॅकेटचं एकच भोक, सुमारे १९ मिमी, वर घ्या. वळणावर पंखा हवा ओढून इंजिन किंचाळलं तर एक भोक खाली या. जुना पंखा सरळ आणि बॅलन्स करून बोटीतच ठेवा, सोबत नट, नवीन स्प्लिट पिन आणि पाना.